शाफ्ट शेवटी!

ओरलला एक्स्टर्नल हमखास विचारतात असा एक प्रश्न आहे. "प्रॉपेलर शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट दोन का असतात?" आपण छाती पुढे काढून सांगतो, "सर, एका जॉइंटने आलेलं स्पीड व्हेरिएशन दुसरा कॅन्सल करतो." एक्स्टर्नल मान डोलावतात, आपण बाहेर येऊन पुढच्या पोराला 'हेच विचारतोय रे' म्हणून सांगतो. मीही सांगितलं होतं. मार्कही बरे पडले. त्यानंतर सहाच महिन्यांनी कोल्हापुरात एका 1930 सालच्या फोर्डखाली पाठीवर पडलो होतो, तोंडावर ग्रीसचे थेंब पडत होते आणि मला त्या प्रश्नातलं ओ की ठो कळत नव्हतं. कारण डोळ्यासमोरच्या गाडीला जॉइंट एकच होता!

गाडी होती फोर्ड मॉडेल ए. वडिलांच्या एका स्नेह्यांची, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. फोर्डने 1926 मध्ये मुंबईत आपली कंपनी काढली होती, आणि त्या काळात आलेल्या गाड्यांपैकी काही अजून आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या वाड्यात पत्र्याखाली उभ्या असतात. काकांची त्यातलीच. इंजिन सुरू होत होतं, पण मागच्या एक्सलमधल्या क्राउनचे दात गेलेले आणि हौसिंगला पूर्वी कुणीतरी लावलेल्या वेल्डिंगचे गाठोडे. मॉडेल एचे सुटे भाग अमेरिकेत आजही नवीन बनतात, क्राउन-पिनियनसुद्धा. पण काकांनी भाडं आणि ड्यूटी धरून हिशेब मांडला आणि म्हणाले, "दुसरा एक्सल बसवा की रे, इंजिनिअर झालायत ना?"

झालो नव्हतो. पण आम्ही तिघांनी हे काम फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणून घ्यायचं ठरवलं. गाइडना जाऊन सांगितलं. त्यांनी सिनॉप्सिस वाचला आणि विचारलं, "यात नावीन्य काय? एक शाफ्ट कापून जोडायचाय, हे कुठलाही गॅरेजवाला करतो." मग आम्ही जो तो करतो तसला एक विषय घेऊन पास झालो, आणि गाडीचं काम सुट्टीत केलं. हा लेख त्या "नावीन्य काय"चं उत्तर आहे. थोडं उशिरा सुचलेलं.

पहिलं म्हणजे, तो 'एक शाफ्ट' नव्हताच. मॉडेल एमध्ये शाफ्ट एका जाड नळीच्या आत फिरतो. ही टॉर्क ट्यूब. तिचं मागचं टोक एक्सलच्या हौसिंगला बोल्टने पक्कं बांधलेलं, पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे एका गोल बॉलमध्ये, खांद्याच्या सांध्यासारखं. त्या बॉलच्या आतच तो एकमेव युनिव्हर्सल जॉइंट. ट्यूब आणि शाफ्ट दोन्ही एकाच बिंदूभोवती वरखाली होतात, म्हणून लांबी कधी बदलत नाही आणि सरकता जॉइंट लागत नाही. जॉइंट एकच असल्याने वेगातला चढउतार राहतो, पण कोन इतका लहान की तो जाणवत नाही. (हिशेब सोपा आहे. आउटपुटचा वेग कोसाइनच्या पटीत खाली आणि तेवढ्याच भागाकाराने वर जातो, एका फेऱ्यात दोनदा. 3 अंशाला फरक 0.14 टक्के. 20 अंशाला मात्र सहा टक्क्यांवर. 1000 आरपीएमचा शाफ्ट 940 ते 1064 मध्ये नाचतो.)

आम्हाला वाटलं, ट्यूब काढायची, उघडा शाफ्ट घालायचा, दोन जॉइंट लावायचे, झालं. फोर्डने स्वतःच 1949 च्या मॉडेलपासून ट्यूब सोडून उघडा शाफ्ट घेतला, आणि अमेरिकेतली हॉट रॉडवाली पोरं तर जुन्या फोर्डखाली 1957 नंतरचा '9 इंची' एक्सल कधीपासून घालत आलीत. मग आपल्याला काय अवघड?

गॅरेजच्या वस्तादांनी आमचं ड्रॉइंग पाहिलं. सातवी पास माणूस. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते सगळं ऱ्हाऊ दे. गाडी ढकलतंय कोन, ते सांग आदी."

आम्ही तिघंही गप्प.

या प्रश्नाने माझी चार वर्षांची थिअरी आडवी केली, म्हणून इथे जरा थांबतो. मागची चाकं रस्त्याला मागे रेटतात आणि रस्ता त्यांना पुढे ढकलतो. हे ढकलणं एक्सलवर येतं. एक्सलकडून ते चासीपर्यंत जाणार कुठून? मॉडेल एची मागची कमान आडवी आहे, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, आणि दोन्ही टोकांना शॅकलवर लटकलेली. ती फक्त वजन उचलते. पुढेमागे ढकलायला गेलं तर शॅकल झोके घेतील. मग ढकलतं कोण? ती ट्यूब! ट्यूब बॉलवर रेटते, बॉल गिअरबॉक्सवर, गिअरबॉक्स इंजिनवर, आणि इंजिनच्या माउंटिंगमधून ते बळ चासीला मिळतं. म्हणजे ही गाडी चक्क इंजिनाच्या पाठीत हात घालून पुढे ढकलली जाते.

शिवाय दुसरं काम. चाक पुढे फिरवताना हौसिंगला उलटा पीळ बसतो, पिनियनचं नाक वर उठू पाहतं. हा पीळ किती? इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क सुमारे 170 न्यूटन-मीटर, पहिला गिअर तीनपटीहून थोडा जास्त, एक्सलचा रेशो 3.78. गुणाकार केला की 2000 न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला आपल्या होस्टेलची चार किडकिडीत पोरं लोंबकळली तर जेवढा, तेवढा. चाकं घसरली नाहीत तर ढकलण्याचं बळही साडेपाचशे किलोपर्यंत जातं. हा पीळसुद्धा ती ट्यूबच सहन करत होती. आणि एक्सलच्या टोकांना धरून ठेवणारे दोन रेडियस रॉड? तेही पुढे येऊन त्याच ट्यूबला बांधलेले! स्पीडोमीटरचा गिअर? ट्यूबमध्ये. जॉइंटचं वंगण? बॉलच्या आत बंद.

आमच्या ड्रॉइंगमध्ये ट्यूब काढली होती, कमान तीच आडवी ठेवली होती आणि रेडियस रॉड 'चासीला वेल्ड' असं बाण काढून लिहिलं होतं. तशी गाडी बनवली असती तर पहिल्या चढावर एक्सल स्वतःभोवती फिरायला मोकळा होता. पुस्तकात हॉचकिस ड्राइव्ह आणि टॉर्क ट्यूब ड्राइव्ह यांचा 'फरक स्पष्ट करा' आम्ही पाच मुद्द्यांत, मधे उभी रेघ मारून लिहिला होता. फरक पाठ होता, पण एकातून दुसऱ्यात जाताना कुठली कामं बेवारस होतात हे त्या रेघेच्या कुठल्याच बाजूला नव्हतं.

मग दोन समांतर कमानपाटे आले. पुढचं टोक पिनने पक्कं, मागचं शॅकलवर. आता ढकलणं पाट्यांच्या पुढच्या अर्ध्या भागातून, पीळही पाट्यांनीच झेलायचा. शाफ्टकडे फक्त फिरण्याचं काम उरलं. ब्रॅकेट बोल्टने बसवायची, चासीला वेल्डिंगचा थेंब लावायचा नाही, हे वस्तादांचं म्हणणं. त्या वेळी आम्हाला तो म्हाताऱ्याचा हट्ट वाटला. त्यावर पुढे येतो.

एक्सल कुठला घ्यायचा हाही एक किस्साच. गॅरेजमागे जीपचा एक्सल पडला होता आणि गंमत म्हणजे चाकाचे पाच स्टड, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, मॉडेल एसारखेच. चाक चढवलं, बसलं! आम्ही टाळ्या दिल्या. पण स्टड जुळले म्हणून एक्सल जुळला असं नसतं. मॉडेल एच्या दोन चाकांमधलं अंतर 56 इंच, जीपचं त्याहून सात इंचांनी कमी. जीपचा डिफरन्शियल मधोमध नाही, ट्रान्सफर केसच्या रेषेत उजवीकडे सरकलेला. म्हणजे शाफ्टला उतरता कोन आहेच, वर आडवाही येणार. उभा 4 आणि आडवा 3 अंश असेल तर जॉइंटला प्रत्यक्षात 5 अंश बसतात, पायथागोरसच. आणि रेशो 5.38! मूळ रेशोला ताशी 100 किलोमीटरला इंजिन 2800 च्या आत फिरतं, जीपच्या रेशोने ते चार हजारांशी जाईल. ज्या इंजिनची 40 हॉर्सपॉवर 2200 आरपीएमला संपते आणि ज्याच्या बेअरिंगमध्ये बॅबिट ओतलेलं आहे, त्याच्याकडून चार हजार मागणं म्हणजे आजोबांना शंभर मीटर धावायला लावणं. शेवटी एका पिकअपचा एक्सल घेतला. रुंदी जवळपास तीच, रेशो 4.1, फक्त स्टड जुळत नव्हते. जी गोष्ट सगळ्यात आधी डोळ्यात भरली होती तीच सगळ्यात स्वस्तात दुरुस्त झाली.

(हौशी मंडळींसाठी एक सूचना. जुन्या फोर्डचा मूळ एक्सल उघडलाच, तर क्राउन पिनियनच्या कुठल्या बाजूला होता ते खुणेने लिहून ठेवा. उलट्या बाजूला बसला तर गाडीला एक पुढचा आणि तीन मागचे गिअर मिळतात.)

ब्रेकचं तर आम्ही धरलंच नव्हतं. मॉडेल एचे ब्रेक दांड्यांचे, नवीन एक्सलचे हायड्रॉलिक. मागे तेल आणि पुढे दांड्या असं अर्धवट ठेवता येत नाही, पेडल एकच असतं. चारही चाकांना हायड्रॉलिक करावे लागले आणि हँडब्रेकची दोरी वेगळी ओढावी लागली. 'एक शाफ्ट कापून जोडायचाय' हे वाक्य आठवून मी तेव्हा हसलो होतो. खर्च ऐकून काका हसले नाहीत.

आता शाफ्ट. दोन जॉइंट लावले की चढउतार आपोआप नाहीसा होतो असं मी ओरलला सांगितलं होतं. तीन अटी सांगायच्या राहिल्या होत्या. दोन्ही कोन सारखे हवेत, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एकाच पातळीत हवेत, आणि गिअरबॉक्सचा अक्ष व पिनियनचा अक्ष समांतर हवेत. शाफ्ट कापण्यापूर्वी वस्ताद त्यावर खडूने लांबच लांब सरळ रेघ ओढतात ती याच्यासाठी. जोडताना रेघेला रेघ मिळाली की फोर्क एका पातळीत. आम्ही ज्याला फेजिंग म्हणतो ते त्यांच्याकडे खडूची रेघ आहे. कोन शून्य ठेवला तर उत्तमच, असंही मला वाटायचं. तेही चूक. कोन शून्य असला की क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत, एकाच जागी ठोकत राहतात आणि खड्डे पाडतात. एक ते तीन अंश बरे. आणि पाट्यांवरचा पिनियन जोर लागला की नाक वर करतो, म्हणून उभ्या गाडीत त्याला समांतरापेक्षा दीड-दोन अंश खाली झुकवून बसवायचं. उभी असताना थोडी चुकीची, चालताना बरोबर. हे वाक्य मला कुठल्याच जर्नलमध्ये सापडलं नाही.

इथे आमचा पराक्रम. वस्ताद दोन दिवस लग्नाला गावी गेले. आम्ही तिघं उत्साही. गाडी चासीखाली स्टँड लावून उचललेली, मागची चाकं हवेत लोंबत होती. आम्ही गिअरबॉक्सच्या फ्लँजपासून पिनियनपर्यंत टेप लावला, तीनदा मोजलं, तीनही वेळा तेच आलं, म्हणून खूश. सरकत्या जॉइंटला आत जायला दहा मिलिमीटर ठेवले. शिवाजी उद्यमनगरातून शाफ्ट बनवून, बॅलन्स करून आणला, बसवला. वस्ताद यायच्या आत गाडी चालू करून दाखवायची होती ना!

गाडी खाली उतरली तेव्हा एक्सल वर आला आणि शाफ्ट आडवा झाला. आडवा झाला की दोन टोकांतलं अंतर कमी होतं, हे काटकोन त्रिकोण शिकलेल्या कुणालाही कळावं. आमच्या दहापैकी बहुतेक जागा तिथेच संपली. आम्हाला पत्ता नाही. संध्याकाळी काका पुढे, मागे आम्ही दोघं आणि मधे काकांची नऊ वर्षांची नात. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर. चौघांचं वजन, पाटे बसले, आणि खालून 'ठक्' असा आवाज आला. शाफ्ट तळाला टेकला होता. पुढे सरकायला जागा नाही म्हटल्यावर त्याने गिअरबॉक्सलाच धक्का दिला. ट्यूबच्या बॉलच्या जागी आम्ही लेथवर बनवून घेतलेलं ॲल्युमिनियमचं कव्हर तडकलं. रस्त्यावर तेलाची रांगोळी.

वेग दहाचा होता म्हणून एवढ्यावर भागलं. पुढचा जॉइंट सुटला असता तर? मागचं टोक सुटलं तर शाफ्ट फरफटत येतो. पुढचं सुटलं आणि रस्त्यातल्या खड्ड्यात रुतलं, तर बांबू टेकून उडी मारणाऱ्या खेळाडूसारखी गाडी त्या शाफ्टवर उचलली जाते. त्यासाठी पुढच्या जॉइंटजवळ शाफ्टभोवती एक पट्टी घालतात. आमची पट्टी 'नंतर बघू'च्या यादीत होती. नात टाळ्या वाजवत विचारत होती, "परत एकदा उडवा ना!" मला त्या रात्री झोप लागली नाही.

वस्ताद आले, वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "चाकं जमिनीवर हुती व्हय, मोजताना?" शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. मग त्यांनी क्रम सांगितला. आधी एक्सल जागेवर, मग पाटे, मग पिनियनचा कोन, मग गाडी चाकांवर, माणसं बसवून. सरकता जॉइंट तळापासून इंचभर बाहेर. मग माप. शाफ्ट सगळ्यात शेवटी. दुसऱ्या शाफ्टचे पैसे आमच्या मेस डिपॉझिटमधून गेले.

आता माझं म्हणणं. आपल्या कॉलेजात 'जुगाड' हा शब्द फार कौतुकाने वापरला जातो. फेस्टमध्ये त्यावर इव्हेंट असतात. मला तो शब्द आता पचत नाही. जुगाड आम्ही केला होता, डिग्रीवाल्यांनी. ज्या माणसाला आपण जुगाडू म्हणतो तो खडूची रेघ ओढत होता आणि मोजल्याशिवाय करवत हातात घेत नव्हता.

आणि दुसरं, सर लोकांसाठी, राग मानू नये. याच कामाचा रिपोर्ट लिहायला आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही काय मोजलं असतं? क्रिटिकल स्पीड! कारण व्हर्लिंग ऑफ शाफ्ट्स सिलॅबसमध्ये आहे, फॉर्म्युला आहे, दहा मार्काला येतं. मी उत्सुकतेपोटी काढलं. 76 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाडीची नळी, लांबी दीड मीटर धरली तरी साडेपाच हजारांच्या वर येतं. आमचा शाफ्ट ताशी शंभरला तीन हजार फिरतो, आणि काका गाडी चाळिसाच्या वर नेत नाहीत. म्हणजे जे मोजता येतं ते धोक्याचं नव्हतं आणि जे धोक्याचं होतं ते कुठल्याच युनिटमध्ये नव्हतं. डायनॅमिक्स एका सेममध्ये, ब्रेक दुसऱ्या, मेट्रोलॉजी तिसऱ्या. गाडीला सेमिस्टर ठाऊक नसतात. अशी एक जुनी गाडी, निदान एक जुना एक्सल, वर्कशॉपच्या कोपऱ्यात आणून ठेवा आणि प्रोजेक्ट म्हणून द्या. विकत आणलेली मॉडेलं दरवर्षी रंग बदलून येतात हे सरांनाही माहीत आहे आणि आम्हालाही.

काही मित्र म्हणतील, मुळात व्हिंटेज गाडीला हात लावायचाच कशाला, ओरिजनल ठेवा. खरं सांगायचं तर आता मी अर्धा त्यांच्याच बाजूचा आहे. सगळा खर्च मांडला तर अमेरिकेहून क्राउन-पिनियन आणि चांगलं हौसिंग मागवणं फार महाग पडलं नसतं, आणि कायद्याची बाजूही आहेच. 2021 च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. एक्सलचं नाव त्यात नाही, पण एक्सलसाठी चासी कापली की झालंच. शिवाय कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं. वस्तादांनी हे वाचलेलं नाही. तरी त्यांनी चासीला एकही वेल्ड लावू दिला नाही. जुनी ट्यूब, आडवी कमान, रेडियस रॉड, ब्रेकच्या दांड्या, सगळं ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून गॅरेजच्या माळ्यावर ठेवलंय, प्रत्येकाला तारेने पत्र्याचा बिल्ला. उद्या कुणी क्राउन-पिनियन आणला तर बोल्ट सोडून गाडी पुन्हा 1930 मध्ये नेता येईल. काकांनी आता अमेरिकेतल्या दुकानाचा कॅटलॉग मागवलाय, असं ऐकतो.

तोवर गाडी रविवारी सकाळी रंकाळ्यापर्यंत जाऊन येते. पुढच्या जॉइंटजवळ पट्टी आहे, दोन. स्पीडोमीटर मात्र बंदच आहे, त्याचा गिअर ट्यूबबरोबर माळ्यावर गेला. काका मधेच विचारतात, "किती स्पीड आहे रे?" मी शेजारून पुढे गेलेल्या रिक्षाकडे बघतो आणि अंदाजे सांगतो.